म्हशीला का झालं नाही

लम्पीची साथ आली तेव्हा कासार आंबोलीत चुलतीच्या गोठ्यात तीन जनावरं एकाच दावणीला होती: गाय, तिची कालवड आणि म्हैस. गाईच्या अंगावर गाठी उठल्या. कालवड निरोगी होती. निरोगी आहे तोवरच लस टोचून घ्या, असं मी घरोघरी वाटलेल्या पत्रकात ठळक छापलं होतं. चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपत वाढले मी. छापलं की लोक ऐकतात, असं वाटायचं.

चुलतीने दाराला कडुलिंब बांधला होता.

"देवी आलीय. ती घरात असताना सुई लावत न्हाईत. मंगळवारी बोळवली की मग टोच."

"काकू, हा विषाणू आहे."

"मग म्हशीला का न्हाई झाला? त्याच माशा तिला बी चावत्यात."

मी सांगितलं, अंगात पहारेकरी असतात. विषाणू गाईच्या पहारेकऱ्यांची हाक दाबून टाकतो. म्हशीच्या अंगात ती युक्ती बहुधा तितकी चालत नाही; माणसात तर अजिबात नाही.

"बहुधा? म्हंजी तुला बी ठाव न्हाई."

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही म्हणाले, नेमकं कारण पूर्ण उलगडलेलं नाही. मी इतकी चिडले! थाप मारणाऱ्याला कधी बहुधा म्हणावं लागत नाही.

"आन् लस शेळीची म्हनं?" चुलती थांबेना.

"शेळीचा विषाणू याच्याच भावकीतला. एक ओळखला की दुसराही ओळखू येतो."

"भावकी कवा कुणाच्या कामाला आलीय गं?" शेजारचे आजोबा खो खो हसले. मला हसू आलं नाही.

सोमवारी कालवडीला ताप भरला. डॉक्टर आले, हात लावून पाहिलं आणि म्हणाले, आता लस देता येणार नाही. औषधं दिली. तिचे पाय सुजले, मग ती उठलीच नाही. गाय मात्र सावरली.

गावात कुणाचा बंगला उठत होता, त्या प्लॉटवरचा जेसीबी तिला पुरायच्या खड्ड्यासाठी बोलावला. चालकाने विचारलं, "मॅडम, कितना गहरा?"

"और गहरा," मी म्हणाले.

चुलती पदर तोंडाला लावून उभी होती. "गाईला पावली, हिच्यावर कोपली," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. चुन्याच्या गोणीचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी.