काचेमागचे डोळे

मालवणच्या समुद्रात पाहिलेले मासे मी केव्हाच विसरलो. पनवेलच्या दुकानात मास्क घेताना भेटलेल्या त्या बाई मात्र अजून आठवतात.

मला पोहता येतं जेमतेम. स्नॉर्केलिंग पहिल्यांदाच करणार, तर निदान रंग तरी झकास असावा, म्हणून मी निळे-पिवळे मास्क उलटेपालटे करत होतो. शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनाही मास्क हवा होता, तोही स्वतःसाठी.

“पट्टा राहू द्या,” दुकानदार आम्हा दोघांना म्हणाला. “नुसता चेहऱ्यावर धरा आणि नाकानं श्वास ओढा. चिकटून राहिला, तर तुमच्या मापाचा.”

बाई हसल्या. “आमी पोरी खाडीत उतरून पायाच्या बोटांनी चिखलातल्या शिंपल्या काढायचो. पानी सगलं गढूल. खाडीचा तल पायांनी बगलाय, डोल्यांनी कदी नाय.”

“मग आता बघा की!” मी म्हणालो.

“आता तिथं भराव हाय. म्हनून तर मालवनला चाललेय.”

त्यांनी मास्क लावला, श्वास ओढला आणि हात काढून घेतले. मास्क पक्का बसला.

“मावशी, डोळे उघडा आता!” दुकानदार खुशीत म्हणाला.

पण काचेमागे त्यांचे डोळे मिटलेलेच होते. माझी नजर खाली गेली. त्यांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता आणि बोटं दुकानाची गार फरशी हळूहळू चाचपत होती.