वांग्यांसाठी थांबलेली सहल

बापूंच्या हाती वर्तमानपत्र पडलं की ते आधी त्यावर ओलं बोट टेकवायचे. बातमी नंतर. कागद किती ओल पितो ते बघून निकाल द्यायचे, "अग्रलेखाचं पान बेस. वल लवकर पेते." दिग्रसच्या आमच्या कॉलेजात बापू वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि पानंफुलं कागदात दाबून वाळवायचं काम त्यांच्याकडे होतं. अग्रलेखांचा इतका मन लावून उपयोग करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मी त्यांचा विभागप्रमुख. म्हणजे पान बापूंनी तोडायचं, बापूंनी वाळवायचं, नावही बापूंनीच शोधायचं आणि खाली सही मी ठोकायची. वर्गात मी काही चुकीचं बोललो की मागे उभे असलेले बापू हळूच खोकायचे. एकदा खोकले तर चूक, दोनदा खोकले तर घोडचूक. एका क्षेत्रभेटीला मी सलग चार झाडांची नावं ठणकावून सांगितली, तेव्हा मुली बापूंसाठी पाणी घेऊन धावल्या होत्या.

आमच्या कपाटात गोरखचिंचेचं एक पान होतं. हाताच्या पंजासारखं, पाच बोटांचं. कॉलेज सुरू झालं तेव्हा कुणीतरी नागपूरच्या राजांच्या काळातल्या बागेतून आणलेलं. आता तंबाखूच्या रंगाचं झालेलं. बापूंनी आयुष्यात हे झाड पाहिलं नव्हतं. दर वर्षी त्या पानाजवळच्या डांबरगोळ्या बदलताना म्हणायचे, "याले एकदा हिरवं पाह्याचं हाय, सर."

त्यांच्या निरोप समारंभात मी भावनेच्या आणि माइकच्या भरात जाहीर करून टाकलं, "बापूंना आपण सगळे त्या बागेत घेऊन जाऊ!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की काम झालं असं आमच्याकडे समजतात. बापूंना हा नियम ठाऊक नसावा. पुढच्याच सोमवारी ते स्टाफरूमच्या दारात.

"मंग सर, कव्हा? सावनात गेलो तं बरं. काचबिंदू हाय म्हनते डॉक्टर. पुढच्या सावनाची ग्यारंटी नाही देल्ली त्यानं."

ताबडतोब मोबाइलवर ग्रुप निघाला, नियोजन बैठक बसली. बागेचा विषय पाच मिनिटांत संपला, कारण बागेबद्दल कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. उरलेला वेळ जेवणावर. सहल म्हटली की रोडगे आलेच. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. ही सूचना माझीच. पण इतिहासाच्या मॅडमनी हात वर केला.

"सर, चातुर्मासात आमच्याकडे वांगं घरातबी येत नाही. चंपाषष्ठीनंतर ठेवा न."

"मॅडम, भेंडी घ्या न," बापू म्हणाले. "आपन काय खाल्लं ते झाड थोडीच पाह्यते?"

सगळे हसले. मी लोकशाहीवादी माणूस, मतदान घेतलं. वांगं प्रचंड बहुमतानं निवडून आलं.

चंपाषष्ठी झाली तर परीक्षा आल्या, परीक्षा झाल्या तर लग्नं. शेवटी माघातली तारीख ठरली. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा बापू दोनदा खोकले.

"थंडी वाढली बापू," मी मायेनं म्हणालो, "मफलर बांधत जा."

पहाटे जीप निघाली. टपावर गोवऱ्यांचं पोतं. बागेच्या फाटकावर चौकीदारानं ते सोडायला लावलं आणि आत बघून माझ्याकडे बघितलं.

"गोवऱ्या? बागीच्यात?"

"सेंद्रिय आहे सगळं," मी म्हणालो.

"तुम्ही काय करता साहेब?"

"वनस्पतिशास्त्र शिकवतो."

त्यानं फाटक आणखी थोडं लावून घेतलं. मंडळी पोतं घेऊन बाहेर जागा शोधायला गेली आणि मी एकटा बापूंना घेऊन आत शिरलो. कडेचं दिसेनासं झाल्यामुळे त्यांनी माझं कोपर धरलं होतं.

झाड सापडलं. हत्ती उभा राहावा तसं खोड. वर नुसत्या उघड्या फांद्या. एक पान नाही.

गोरखचिंच हिवाळ्यात सगळी पानं गाळते. हे मी दर वर्षी शिकवतो. दोन वेळा परीक्षेत विचारलं आहे.

बापू खोडावरून हात फिरवत राहिले. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"खोकललो न, सर."

मी वरच्या उघड्या फांद्या बघू लागलो. तेच म्हणाले, "असू द्या. झाड तं भेटलं. चला, मंडळी भुकेली असन." बाहेर भाजी उत्तम झाली होती. सगळ्यांनी मला तसं सांगितलं.

पुढच्या श्रावणात मी एकटाच एसटीनं नागपूरला गेलो. चौकीदारानं ओळखलं. "पोतं नाही आनलं?" मी त्याला सगळं सांगितलं. तो आत गेला आणि वाऱ्यानं पडलेली एक डहाळी घेऊन आला. तिच्यावरचं एक पान मी ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं.

बापू ओसरीत खाटेवर बसले होते. डॉक्टरचा शब्द खरा झाला होता. पान हातात दिलं तेव्हा त्यांनी पाचही बोटं मोजली, देठ चाचपला, वास घेतला. सवयीनं मी अग्रलेखाचं पान पुढे केलं. कागदाची सळसळ ऐकून त्यांनी हात आखडता घेतला.

"दाबू नका याले," ते म्हणाले. मग पान माझ्याकडे धरून विचारलं, "कितीक हिरवं हाय, सर?"

हरितद्रव्यावर मी पंचवीस वर्षं तास घेतले आहेत. फळ्यावर हिरव्या खडूनं आकृत्या काढल्या आहेत. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

बापू खोकले नाहीत. पान धरून थांबून राहिले.