लाल लालच दिसला पाहिजे

आम्ही टॉर्च बनवतो. लोक म्हणतात, त्यात काय एवढं, बटण दाबलं की उजेड पडतो. साताऱ्याहून चेन्नईला नोकरीला आलो तेव्हा मीही असंच म्हणायचो. पण खिशात मावणाऱ्या एका छोट्या टॉर्चसाठी एक एलईडी निवडण्यात आमचे सात-आठ महिने गेले. त्या काळातले किस्से एवढे साचलेत, की घरी पाहुणे आले की माझी बायको दारातच सांगते, "ह्यांना टॉर्चबद्दल काही विचारू नका."

कंपनी म्हणजे श्रीपेरुंबुदूरला मोठ्या कारखान्यांच्या मागे एक शेड. मालक मोहन सर. लॅबमध्ये सेल्वी, आणि मोजायचं मशीन तिच्या ताब्यात. खरेदी बघायला रावकाका. ते तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात मराठी पिढ्यानपिढ्या टिकलेली, त्यामुळे बोलणं जुन्या पोथीसारखं आणि मध्येच तमिळ. डिझाइनला मी.

वाद साधा होता. मोहन सरांना सगळ्यात झगझगीत एलईडी हवा होता, कारण बॉक्सवर मोठा आकडा छापता येतो. सेल्वीला आणि मला हवा होता हाय सीआरआय एलईडी. म्हणजे ज्याच्या उजेडात रंग उन्हात दिसतात तसेच दिसतात. फक्त उजेड जरा कमी. रावकाका सरांच्या बाजूने. "उजेड ज्यास्त तो बरा," एवढंच त्यांचं मत. तात्पुरत्या टॉर्चमध्ये बसवलेले नमुने तीन: ए झगझगीत, बी आणि सी हाय सीआरआय.

*

पहिला फटका मलाच बसला. दुपारी कँटीनमध्ये वीज गेली. शटर खाली, आत मिट्ट काळोख. मी खिशातला ए नमुना लावून डबा उघडला, तर भाजी मातकट करडी. चेन्नईच्या उकाड्यात भाजी उतरायला कितीसा वेळ लागतो? वासबीस न घेता मी ती सरळ बादलीत टाकली.

समोर बसलेल्या सेल्वीने तिच्याकडचा सी नमुना बादलीत मारला. आत लालचुटूक बीट चमकत होतं.

"सर," ती शांतपणे म्हणाली, "चांगलं होतं."

*

सेल्वीचं मशीन म्हणजे आतून पांढराशुभ्र, कलिंगडाएवढा पोकळ गोळा. एलईडी आत ठेवायचा, आकडे बाहेर येतात. गडद लाल किती खरा दिसतो त्याचा एक वेगळा आकडा असतो. ए नमुन्याचा तो आकडा आला शून्याच्या खाली.

सर चक्रावले. "लाल कमी दिसेल हे समजतं. शून्याच्या खाली म्हणजे काय?"

"सर, ज्यात लाल आहे त्यातलाही काढून घेतो."

सरांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

*

सी नमुना स्वस्तात देतो म्हणून एक विक्रेता आला. टाय वगैरे लावून. "पंच्याण्णव सीआरआय, डोळे झाकून घ्या," म्हणाला. सेल्वीने डोळे उघडे ठेवून त्याचा एलईडी गोळ्यात ठेवला. एकाहत्तर.

तो डगमगला नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या गोळ्याला चष्मा लागलाय."

सेल्वीने आमचा सी ठेवला. शहाण्णव. त्याने वाकून आकडा वाचला आणि अगदी मनापासून विचारलं, "हा तुम्ही कुणाकडून घेता?"

*

बी नमुना बाद कसा झाला, ते ऐका. त्याचे आकडे उत्तम, पण उजेडाला हिरवट-पिवळी झाक. मला ती टोचत होती, सरांना दिसतच नव्हती. शेवटी ते नमुना घरी घेऊन गेले आणि टेबलावर लावून, त्याच्या उजेडात निवांत पेपर वाचत बसले.

त्यांच्या आई खोलीत आल्या, मुलाचं तोंड बघितलं आणि तशाच मागे फिरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या हातात भुईआवळ्याच्या रसाचा पेला. कावीळ झाली म्हणून! टॉर्चमुळे तसं दिसलं, हे सरांनी परोपरीने सांगितलं. आई म्हणाल्या, कावीळ झालेला माणूस असंच बोलतो.

तीन सकाळी त्यांनी तो कडू रस प्यायला. चौथ्या दिवशी ऑफिसात येऊन म्हणाले, "बी नको."

*

सेल्वीचं लग्न ठरलं. टी. नगरमध्ये साडीखरेदी. आई, आत्या आणि होणाऱ्या सासूबाई, तिघी हट्टी. दोन रेशमी साड्या एकसारख्या मरून आहेत, मग महाग कशाला घ्यायची, असा वाद रंगला. सेल्वीने पर्समधून सी नमुना काढून दोन्हींवर धरला. दुकानाच्या दिव्यांत जुळ्या दिसणाऱ्या साड्यांपैकी एक मरून निघाली आणि दुसरी विटकरी.

शेजारच्या गिऱ्हाइकाने आपली साडी पुढे केली. "जरा हिच्यावर मारता?" मग तिच्या मागची. बघता बघता रांग लागली.

दुकानाचे मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आले. हात जोडून म्हणाले, "अम्मा, साडीवर डिस्काउंट देतो. ती टॉर्च आत ठेवा."

*

हे सगळं झालं, तरी सर काही हटेनात. एके शुक्रवारी त्यांनी निकालच लावला: सोमवारी ए नमुन्याची ऑर्डर. रावकाकांना फॉर्म भरून आणायला सांगितलं.

रावकाकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं. त्या शुक्रवारी ते ऑफिसात परत आल्या आल्या सेल्वीने त्यांना कामाला लावलं. एक डोळा झाकून बघा, आता दुसरा. डाव्या डोळ्याला सगळंच चहासारखं दिसायचं, उजव्याला लख्ख. तिने रिपोर्टमध्ये दोन नवे रकाने काढले: 'राव डावा' आणि 'राव उजवा'. काकांनी ते बघून नमुना सी खिशात टाकला आणि घरी निघून गेले.

पुढचं मला त्यांच्या बायकोने, कमलाकाकूंनी सांगितलं. काका स्वतः कधी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी काकू देवळात जायला तयार होऊन कॉफी घेऊन आल्या, आणि वीज गेली. काकांनी टॉर्च लावली. उजेड काकूंच्या साडीवर पडला.

"ही केव्हां घेतलीस?" काकांनी विचारलं.

"लग्नांतली. तुम्हींच पसंत केलेली."

"ती तर तपकिरी."

"जांभळी. पहिल्यापासून."

काकांनी टॉर्च पदरापासून काठापर्यंत फिरवली. मग म्हणाले, "जरा फीर बघूं."

काकू फिरल्या.

"अणीक एकदां."

वीज आली तेव्हा काकांनी उठून ट्यूबलाइट बंद केली.

सोमवारी सरांच्या टेबलावर फॉर्म आला. नमुना: सी. खाली 'निवडीचं कारण' असा रकाना असतो. तिथे काकांनी सुरेख अक्षरात एकच शब्द लिहिला होता: कमला.

सरांनी तो दोनदा वाचला. काकांकडे बघितलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.