गॅस बंद, मोटर बंद

घराबाहेर पडताना मी बोट दाखवून मोठ्यानं बोलतो. "गॅस बंद. मोटर बंद. मागचं दार बंद. कुलूप लागलं." शेजारचे हसतात. हसू द्या, त्यांच्या बापाचं काय जातं! मी मालगाडी चालवतो, आणि इंजिनात आम्हाला असंच करावं लागतं. सिग्नल दिसला की हात लांब करून मी ओरडतो, "होम सिग्नल, हरा!" पलीकडं बसलेला माझा बिहारचा असिस्टंट ओरडतो, "हरा, सर!" दोघांनी बघायचं, दोघांनी बोलायचं, मगच पुढं. दौंडात दर दोन घरांआड कुणीतरी रेल्वेत, त्यामुळं लोकांना वाटतं, गडी ड्युटी घरी घेऊन आलाय.

खरं तर मी ही सवय घरून ड्युटीवर घेऊन गेलो. मनात म्हटलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही, लहानपणापासून. मास्तर फळ्यावर गणित सोडवायचे आणि मी खिडकीतल्या साळुंकीबरोबर गावभर हिंडून यायचो. "ध्यान कुठं हाय रं तुझं?" हे मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. छड्या तर इतक्या खाल्ल्या की मास्तरचा हात दुखायचा. मग कधीतरी कळलं, की मोठ्यानं बोललं तर गोष्ट जागेवर राहते. अभ्यास तसाच केला. भरतीच्या वेळी ध्यानाची परीक्षा घेतात, तिच्यात ओठांतल्या ओठांत पुटपुटत निभावलं. पास कसा झालो ते देवाला माहीत.

हे बायको सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिनंही तोंडानं कधी विचारलं नव्हतं.

आमची लेक नऊ वर्षांची आहे. दप्तर शाळेत ठेवून मोकळ्या हातानं घरी येते. दुधाकडं बघ म्हटलं तर दुधाकडंच बघत उभी राहते, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते उतू जातं. एकदा भर रस्त्यात कबुतराचं पीस सापडलं म्हणून तिथंच उभी राहिली. रिक्षावाल्यानं खाली उतरून तिला उचललं आणि कडेला ठेवलं, वर मला चार शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या.

त्यानंतर तिनं आपणहूनच माझं उचललं. रस्त्याच्या कडेला थांबायची, हात लांब करायची आणि ओरडायची, "डावीकडं काय न्हाई! उजवीकडं काय न्हाई! चला!" गल्लीतली पोरं तिला गार्डसाहेब म्हणायची. मला आतून बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण माझी लेक किती माझी आहे ते मला दिसत होतं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवा, असं चालणार नाही, वरच्या वर्गात ही मागं पडेल. शिरूरला लहान मुलांचे एक डॉक्टर आहेत. माझी ड्युटी होती, म्हणून बायको आणि तिचा भाऊ लेकीला घेऊन गेले. परत आले ते दोन निरोप घेऊन. लेकीचं रक्त तपासायचं, आणि पुढच्या खेपेला वडलांना आणायचं.

मेहुणा इनामगावचा, ऊसवाला. मोबाइलवर बघितलेलं त्याला सगळं खरं वाटतं. जेवता जेवता म्हणाला, "दाजी, म्या व्हिडिओ बघितलाय. पोराचं ध्यान का लागत न्हाई ते आता रक्तावरनं कळतंय. आन् हे येतं पण रक्तातनंच. आईकडनं न्हाईतर बापाकडनं. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

"भाकरी खा की गप," मी म्हटलं. पण माझाच घास तोंडात फिरायला लागला.

आमचं ठरलेल्या मुदतीनं मेडिकल होतं. डोळे बघतात, कान बघतात, रक्त काढतात. आजवर मी दंड पुढं करून खुशाल बसायचो. साखर बघता? बघा. आता वाटायला लागलं, त्याच नळीत दुसरंही काही दिसत असेल तर? आज नसेल दिसत, उद्या एखादं यंत्र येईल, आणि कुणीतरी साहेब कागद समोर धरून विचारेल, ध्यान नसलेला माणूस इतकी वर्षं इंजिनात बसलाच कसा? नोकरी गेली तर मला दुसरं काही येत नाही. आणि त्याच्याही खाली एक भीती होती, तिच्याकडं मी बघतच नव्हतो. तो साहेब बरोबर असेल तर?

त्याच आठवड्यात नगरच्या बाजूनं गाडी घेऊन येत होतो. इंजिनात मिनिटभर कशाला हात लागला नाही की समोर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरीही हललं नाही तर गाडी आपसूक थांबते. भरदुपारी तो दिवा लागला. मी बटण दाबलं आणि असिस्टंटला विचारलं, "काष्टी स्टेशन कब आयेगा?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "सर, काष्टी तो निकल गया. आपने ही तो हरा बोला." मी हसलो, थट्टा केल्यासारखं दाखवलं. काष्टी गेलेलं मला आजही आठवत नाही.

गुरुवारी शिरूरला गेलो. रस्ताभर मी दंडाला हात लावून बघत होतो. डॉक्टरांच्या समोर बसल्या बसल्या बाही वर केली.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"माझं रक्त घ्यायचंय न्हवं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, ध्यानाचा आजार दाखवेल असं रक्त अजून कुणाला सापडलेलं नाही. शोधतायत लोक. मुलीचं रक्त बघितलं ते अंगात लोह कमी नाही ना, थायरॉइड नाही ना, एवढ्यासाठी. रिपोर्ट चांगले आहेत. बाकी हे कळतं ते विचारून आणि बघून. म्हणून तुम्हाला बोलावलं."

हुश्श! मी बाही खाली घेतली. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला. आणि त्यांनी पेन उघडून विचारलं, "घरात आणखी कुणी असं होतं का? लहानपणी? किंवा आताही? मुलीसाठी हे कळणं फार गरजेचं आहे."

"न्हाई," मी म्हटलं.

बायको फरशीकडं बघत होती. पण लेक म्हणाली, "पप्पा पण बोलतात की. गॅस बंद, मोटर बंद. न्हाईतर त्यांच्या ध्यानात राहत न्हाई."

"ती ड्युटीची सवय हाय, डॉक्टर," मी हसत म्हटलं. कसली ड्युटी ते त्यांनी विचारलं नाही. बरं म्हणाले आणि लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर माझा पारा चढला. माझा राग असाच, घाबरलो की येतो. भर रस्त्यात लेकीला म्हटलं, "आजपासून हे ओरडणं बंद. येडी समजतील लोक तुला. काय म्हणायचं ते मनात म्हणायचं."

"अहो, पण तिला..." बायको मध्ये पडली.

"तू गप गं!"

लेकीनं मान हलवली. गुणी आहे ती, सांगितलेलं ऐकते. दुसऱ्या दिवशीपासून गल्लीत तिचा आवाज नाही. घरातून निघताना मीही आवाज खाली आणला, मग बंदच केला. एकदा पाण्याची मोटर दुपारभर चालू राहून जळली. बायकोनं नुसतं माझ्याकडं बघितलं. घर इतकं गप्प झालं की भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागली. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून लेकीला आणायला शाळेसमोर गाडी लावून रस्त्याच्या अलीकडं उभा होतो. ती पलीकडं आली. मी बघत होतो. तिचा उजवा हात कमरेपासून थोडा वर आला, आणि परत खाली गेला. तोंड मिटलेलं. तिनं डावीकडं बघितलं. उजवीकडंही बघितलं, अगदी शहाण्या पोरीसारखं. आणि उतरली रस्त्यावर.

तिच्या उजवीकडून ट्रॅक्टर येत होता, मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी.

मी काय ओरडलो ते मला माहीत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी मातीत घातली, मागची ट्रॉली कलंडली, ऊस रस्ताभर पसरला. लेक मधोमध उभी होती, तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर चाकाची खूण. मी तिला उचललं.

"दिसला न्हाई का तुला? एवढा मोठा ट्रॅक्टर!"

"दिसला की," ती म्हणाली. "मी मनात म्हणलं होतं पप्पा, तुम्ही सांगितलं तसं. डावीकडचं म्हणलं. मग उजवीकडचं पण म्हणत होते, ते मधीच कुठं गेलं काय माहीत."

मला माहीत होतं ते कुठं जातं. साऱ्या दौंडात मला एकट्याला माहीत होतं, आणि मीच तिला मनात म्हणायला लावलं होतं. तिला छातीशी धरून त्या उसात मी पोरासारखा रडलो. ट्रॅक्टरवाला बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला.

गुरुवारी परत शिरूर. खुर्चीत बसायच्या आधी मी म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, घरात आणखी कोण. मी हाय." आणि सगळं सांगितलं. साळुंकी, छड्या, जळलेली मोटर, ट्रॅक्टर. सांगायला लागल्यावर थांबवेना. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला होता, लग्नानंतर परक्या माणसासमोर पहिल्यांदाच.

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं बोललात. आता हिचं मला नीट लक्षात यायला लागलं. हिला बोलू द्या, जितक्या मोठ्यानं बोलायचंय तितक्या." लेक खुदकन हसली. ते लिहीत राहिले, आणि लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

मी काही बोलायच्या आत लेकीनंच ऐटीत सांगून टाकलं, "पप्पा मालगाडी चालवतात!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अजूनही चालवता?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "आज संध्याकाळीच निघायचंय."