गुडघा माझा, चाल आक्कांची

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि उजव्या गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये पेनाचं टोक टेकवलं. तिथे फट दिसायला हवी होती, ती नव्हती. "ऑस्टिओआर्थरायटिस, शेवटची पायरी," ते म्हणाले. म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासतंय. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांबरोबर खाली बसले आणि उठले, त्याचं हे बक्षीस. मग त्यांनी टोटल नी रिप्लेसमेंट समजावून सांगितलं. झिजलेली टोकं कापायची, वर धातूच्या टोप्या बसवायच्या, मध्ये प्लॅस्टिकची चकती. ड्रॉवरमधून नमुन्याचा सांधा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि हातात घेऊन बघा म्हणाले.

मी हात मागे घेतला. ती वस्तू मी आधी पाहिली होती, राखेत.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मंचरजवळच्या पेठपासून आत आमचं गाव, आणि दोन्ही भावांचा संसार एकाच घरात. आक्कांनी माझ्या आधी गुडघा बदलून घेतला होता, तोही उजवाच. चार वर्षं छान चालल्या, मग हार्ट अटॅकनं गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो, तर राखेत हाडांबरोबर तो धातू जसाच्या तसा पडलेला. काळानिळा झाला होता, पण वितळला नव्हता. भावकीत कुजबुज सुरू झाली. हे नदीत सोडायचं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी राखेबरोबर शेतातच पुरलं आणि वर आंब्याचं रोप लावलं. त्यामुळे डॉक्टर "हा वीस वर्षं टिकतो" म्हणाले तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. तो त्याहून किती जास्त टिकतो ते मला माहीत होतं.

तरी मी हो म्हणाले, कारण संडासला जाताना भिंत धरावी लागत होती. माणूस शेवटी तिथे नमतो.

तयारीला महिना गेला. रक्त, लघवी, ईसीजी, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. किडलेली दाढसुद्धा आधी काढायला लावली, कारण तिथला जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो. पाय अडकू नये म्हणून घरातली सतरंजी उचलली, कमोडची खुर्ची आणली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम मी रोज केला. तुम्हीही आधीपासून करा. मांडीत ताकद असेल तर पुढचं निम्मं काम होतं.

ऑपरेशनच्या दिवशी स्पायनल दिलं. म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई, कमरेखाली भूल, आणि आपण जागे. मला वाटत होतं, माझे दोन्ही पाय सरळ पडलेत. तेवढ्यात हिरव्या पडद्याच्या वर एक पाय उभा दिसला, औषधानं पिवळा माखलेला, गुडघ्यात दुमडलेला. कुणाचा म्हणून मी बघत राहिले. तो माझा होता. मग करवतीचा आवाज आला, मग हातोडीचा. प्रत्येक ठोक्याला माझं सगळं अंग टेबलावर हलत होतं आणि दुखत काहीच नव्हतं. भुलीचे डॉक्टर म्हणाले, डोळे मिटून घ्या काकू. मिटले, तर ठोके जास्तच जवळून ऐकू यायला लागले.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. दुखणं काय सांगू? देव आठवला, आणि तो आठवेपर्यंत सिस्टरनी दोन पावलं टाकून घेतली होती. चौथ्या दिवशी घरी आले. गुडघा ताप आल्यासारखा गरम, आणि बाहेरच्या बाजूची हाताएवढी कातडी बधिर. तिथे हात लावला की दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखं वाटायचं. दोन्ही नॉर्मल आहे, कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हाला सांगते.

तिसऱ्या आठवड्यात वॉकर सुटून काठी आली आणि आवाज सुरू झाला. पाऊल टाकलं की टक. आक्कांचा पाय असाच वाजायचा. चार वर्षं तो आवाज आमच्या घरात हिंडत होता. आता तोच माझ्या पायातून येत होता, आणि थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मंचरहून व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओ मॅडमना विचारलं. धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागतं, त्या म्हणाल्या. स्नायूंना ताकद आली की बहुतेक कमी होतो, घाबरायचं कारण नाही.

मी घाबरले नव्हते. एके दुपारी मात्र घाबरले. स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे चालले होते. पुढच्या पडवीत आबा बसले होते. आबा म्हणजे मोठे दीर, आक्कांचे मालक. नजर गेलेली, कान तिखट. तिथून ते अगदी सहज म्हणाले, "जरा आलं घाल गं चहात."

मोठे दीर मला कधी असं गं म्हणाले नव्हते. त्यांच्यासमोर मी अजून पदर घेते, बोलणं कामापुरतंच. पाऊल उचललेलं तसंच धरून मी उभी राहिले. मग गुपचूप चहा केला आणि आलं घातलं. आबांनी कप घेतला, प्याले, आणि म्हणाले, "आज बराबर झाला." मी कुणाच्या तरी जागी चोरून उभी आहे असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चालले की ते पाय आखडून घेऊन वाट द्यायचे, आक्कांना द्यायचे तशी. टक ऐकू आलं की त्यांचा चेहरा त्या बाजूला वळायचा. मी चालणं सोडलं. आमच्या ह्यांना सांगितलं, दुखतंय. खुर्चीत बसून राहायचे, संडासपुरती उठायचे, तेही आबा देवळात गेले की.

पुढल्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी गुडघा वाकवून मोजला. नव्वद अंशांपर्यंत जायला हवा होता, साठवर अडला. त्या दारातच मोठ्यानं म्हणाल्या की, आतून चिकटतोय, सहा आठवडे उलटले तर पुन्हा भूल देऊन जबरदस्तीनं वाकवावा लागेल, नाहीतर पाय जन्माचा लाकूड. मी मान हलवली. आबांच्या समोर चालण्यापेक्षा लाकूड परवडलं, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं.

त्या गेल्यावर आबा भिंत चाचपत आमच्या खोलीच्या दारात आले. एवढ्या वर्षांत ते या दारात कधी आले नव्हते.

"सुमन, माझ्यापायी बसून ऱ्हायलीस व्हय?"

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मी येडा न्हाई झालो. ती गेली ते मला ठावं हाय, सावडायला मी व्हतो. पर तुझा पाय वाजला की घटकाभर बरं वाटतं. तू चाल. मी न्हाई काय बोलणार."

मी काठी घेतली आणि उठले. त्या दिवशी पडवीत दहा फेऱ्या मारल्या. आबा खांबाला टेकून ऐकत होते. बोलले नाहीत, फक्त प्रत्येक फेरीला पाय आखडून वाट देत राहिले. भीती गेली असं नाही. माझ्याबरोबर कुणीतरी चालतंय असं रोजच वाटायचं, पण मी थांबत नव्हते. सहाव्या आठवड्याला गुडघा शंभरापर्यंत वाकला. मॅडमनी मलाच शाबासकी दिली आणि मीही घेतली.

ज्यांना हे ऑपरेशन करायचंय त्यांना माझं सांगणं, दुखलं तरी चाला, वाजलं तरी चाला. कशाचीही भीती वाटली तर ती घरातल्या माणसाशी बोला, खुर्चीत घेऊन बसू नका.

सहा महिन्यांनी मी पेठपर्यंत एकटी जाऊन आले, एसटीच्या पायऱ्या दांडा धरून का होईना, चढले. घरी आले तर आबा पडवीतच होते. मी शेजारून आत गेले. त्यांनी मान वळवली नाही, पायही आखडले नाहीत. ते आमच्या ह्यांना विचारत होते, सुमन अजून कशी आली न्हाई.

"आले की, आबा. तुमच्या मागंच उभी आहे."

ते थोडा वेळ कान देऊन बसले. "चाल बरं जरा."

मी पडवीच्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मुद्दाम जोरात पाय आपटून परत आले. काही वाजलं नाही. महिन्यागणिक बारीक होत आलेला तो आवाज आता पार गेला होता.

"मंग बरी झालीस म्हनायची," आबा म्हणाले. आणि जरा वेळानं, "लई उपकार झालं तुझं."

मी पुन्हा फेरी मारली. मग आणखी एक मारली. आक्का गेल्या तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.