न फुंकलेल्या क्लॅरनेटची अकरा मिनिटं

तारीख १६ नोव्हेंबर, रविवार. रक्कम दोन लाख चाळीस हजार रुपये, चौघांत समान, म्हणजे माणशी साठ हजार. ठिकाण वडनेर, माझ्या सासऱ्यांच्या घराची ओसरी, दुपारी सव्वातीन. हजर माणसं पाच — मी, माझी बायको वंदना, सासरे नामदेवराव, हिंगणघाटच्या बँडवाल्या गुलाबमास्तरांचा मुलगा चंदू, आणि पुण्याहून कागदपत्रं घेऊन आलेली इरा नावाची बाई.

हे सगळं आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की याने ऐकीव गोष्ट सांगितली. मी वर्ध्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब पाहतो. भूत, भानामती, करणी यातलं मी काहीही मानत नाही. या सदरातले अनुभव बायको वाचून दाखवते तेव्हा मी त्यातल्या वेळा आणि अंतरं जुळतात का ते पाहतो, आणि बहुतेकदा जुळत नाहीत. आता माझीच पाळी आली आहे... तर निदान वेळा तरी नीट लिहितो.

आधी प्रकरण काय ते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. वय एकोणसत्तर, सात एकर शेती, कापूस आणि तूर. तरुणपणी लग्नाच्या दिवसांत ते गुलाबमास्तरांच्या बँडमध्ये जायचे. वाजवायला नाही. बँड ठरलेला असायचा अकरा माणसांचा आणि वाजवणारे असायचे आठ. उरलेले तिघं ड्रेस घालून, वाद्य तोंडाला लावून नुसते चालायचे. मामाजी त्या तिघांतले. त्यांच्या हातात क्लॅरनेट असायचं. चुकूनही आवाज निघू नये म्हणून मास्तर त्याची पत्ती काढून घ्यायचे — ज्या चपट्या काडीमुळे आवाज होतो ती — आणि वर नळीत कापूस ठासायचे. "बोटं हालवाची, गाल फुगवाचे, आन् नवरदेवाच्या काकाकडे पाहून मान डोलवाची," हे काम मामाजींनी आठ सीझन केलं. वंदनाला शाळेत पोरी चिडवायच्या — तुझ्या बापाचा बाजा मुका.

तेव्हा वर्ध्याजवळच्या एका आश्रमात एक परदेशी सॅक्सोफोनवाला काही महिने येऊन राहिला होता. त्याला आपल्या बँडचं वेड लागलं. वरातीमागे चालत जायचा म्हणे. एका उन्हाळ्यात त्याने हिंगणघाटला जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये गुलाबमास्तरांच्या बँडमधल्या चार माणसांबरोबर एक रेकॉर्डिंग केलं. कॉर्नेटवर, म्हणजे छोट्या ट्रम्पेटवर, मास्तर, युफोनियम या मोठ्या पितळी बाजावर एक जण, ड्रमवर विठ्ठलकाका. खरा क्लॅरनेटवाला मास्तरांशी भांडून आठ दिवसांपूर्वी बँड सोडून गेला होता. पैसे माणशी मिळणार होते, म्हणून मास्तरांनी मामाजींना ड्रेस घालून चौथा म्हणून उभं केलं. गोऱ्या माणसाला काय समजतं, असा त्यांचा अंदाज.

त्या रेकॉर्डच्या थोड्याच प्रती तिकडे निघाल्या. तो सॅक्सोफोनवाला आता नाही, मास्तरही नाहीत, युफोनियमवालाही नाही. पण अशा संगीताचे शौकीन ती रेकॉर्ड शोधत फिरतात, आणि आता तिकडची एक छोटी कंपनी ती नव्याने काढते आहे. इरा त्यांचं इकडचं काम पाहते. अट एकच — चारही वादकांच्या किंवा वारसांच्या सह्या हव्यात. एक अडली तर रेकॉर्ड निघणार नाही, पैसे कोणालाच नाहीत.

त्या दुपारी इरा मामाजींना म्हणाली, "काका, या रेकॉर्डवरचं सगळ्यात गाजलेलं वाजवणं तुमचं आहे. लोक विचारतात, हा क्लॅरनेटवाला पुन्हा कुठेच का दिसला नाही."

चंदू हसायलाच लागला. "मामा आन् वाजवणं? ताई, आमच्या बापानं याइच्या नळीत कापूस कोंबला होता कापूस."

इराला वाटलं थट्टा चालली आहे. तिने स्पीकर लावला. याला फ्री जॅझ म्हणतात. ठरलेली चाल नाही, ठेका नाही, ज्याला जे वाटेल ते त्याने वाजवायचं. मला ते बारदान्यात मांजर अडकल्यासारखं वाटलं, खरं तेच लिहितो. पण सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी एक क्लॅरनेट सुरू झालं. ते कशाशीच भांडत नव्हतं. बाकीच्या गोंधळातून वाट काढत चाललं होतं, मध्ये थांबायचं, पुन्हा निघायचं. सतरा मिनिटं पन्नास सेकंदांना संपलं. म्हणजे अकरा मिनिटं दहा सेकंद.

मामाजी मध्येच उठून गोठ्याकडे निघून गेले होते. आम्ही मागे गेलो तर बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे.

"हे मी नाई," ते म्हणाले. "मी फुंकलंच नाई. मी सही नाई करत."

चंदू म्हणाला, "मामा, आठ सीझन खोटा बाजा धरून हिंडले, आता सही कराले काऊन लाजून राह्यले?"

"तवा कोणी मले इचारलं नोतं. इचारलं असतं तं खरं सांगतलं असतं."

चंदूने त्याच्या हिंगणघाटच्या दुकानाच्या थकलेल्या भाड्याचं सांगून पाहिलं, युफोनियमवाल्याच्या म्हाताऱ्या बायकोचं सांगून पाहिलं. मामाजी ऐकून घेत होते, पण हात बैलाच्या पाठीवरून काढला नाही. सही झाली नाही.

मी परत येताना इराला विचारलं की वाजवणं मागाहून जोडलेलं असेल का. ती म्हणाली, "नाही हो. मूळ टेप कंपनीकडे आहे, तपासून झाली आहे. सलग एकच रेकॉर्डिंग, वरून काही घातलेलं नाही." सॅक्सोफोन, कॉर्नेट आणि युफोनियम ही तिन्ही त्या अकरा मिनिटांत क्लॅरनेटबरोबर एकाच वेळी वाजतात, मी तीनदा मोजलं. ड्रमही थांबत नाही. म्हणजे रिकामा माणूस उरतो एकच.

पुढच्या शनिवारी विठ्ठलकाकांकडे गेलो. त्यांना सगळं आठवतं. "शेडमंदी आम्ही चारच वाजवनारे. त्या गोऱ्याले धरून चार. नामदेव बाजूले उभा होता, बोटं हालवून राह्यला होता. किलारनेटचा आवाज? नाई बा. आला असता तं मास्तरनं तिथंच त्याले झोडपलं असतं."

मग मामाजींचे फोन सुरू झाले. रोज, कधी दिवसातून दोनदा. "जवाईबापू, कोन होतं ते? तुम्ही हिशेबी मानूस, शोधून सांगजा मले." वंदनाकडून त्यांनी ते रेकॉर्डिंग फोनमध्ये घेतलं होतं. वेचणी चालू होती, पण ते बांधावर बसून तेच ऐकायचे. जेवण कमी झालं. सासूबाई वंदनाला म्हणाल्या, तुझा बाप दुपारी पडतो तरी बोटं हालतात.

७ डिसेंबरला, रविवारी, मी वडनेरला जाऊन स्पष्टच विचारलं. आम्ही दोघंच होतो, कापसाच्या गंजीपाशी.

"मामाजी, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलं?"

"जे नेहमी करतो थेच." मग गंजीतला कापूस उचलून बोटांनी पिंजत राहिले. "पन फरक होता. लग्नात गानं ठरलेलं राह्यते. गानं जसं चालते तशी बोटं हालवाची. त्या दिवशी गानंच नोतं. मी मास्तरले इचारलं, आता बोटं कशी हालवू? मास्तर म्हने, हालव कशीबी. मंग मी... जसं मनात आलं तसं हालवत गेलो. मनात वाजून राह्यलं होतं काहीतरी."

"आणि फुंकलं?"

"गाल फुगवले. फुंकलं नाई." ते माझ्याकडे पाहायला तयार नव्हते. "जवाईबापू, त्या दिवशी ओसरीवर मी उठून गेलो, तुमाले वाटलं मले थो गोंधळ सहन नाई झाला. तसं नोतं. पुढं काय येते थे मले माहीत होतं. आवाज यायच्या आंधी माहीत होतं."

मी हिशेबाच्या माणसासारखं उत्तर दिलं — चाळीस वर्षांनी माणसाला वाटतं असं. ते म्हणाले, "असन." पण त्यांचा चेहरा तसाच राहिला, आणि मला आठ दिवस धड झोप नव्हती.

परीक्षा घ्यायची कल्पना माझी. कंपनीला वर्ध्यात एक छोटा कार्यक्रम करायचा होताच. कलकत्त्याचा एक सॅक्सोफोनवाला आणि ड्रमवर विठ्ठलकाका. मी इराला म्हटलं, मामाजींनाही बसवू, त्याच क्लॅरनेटसह. क्लॅरनेट चंदूच्या दुकानात माळ्यावर होतं. मामाजी तयार झाले. म्हणाले, "पन कापूस तुमच्या हातानं कोंबजा."

११ जानेवारी, रविवार, एका कॉलेजचा छोटा हॉल. खुर्च्या बासष्ट, माणसं सत्तेचाळीस. पत्ती नव्हतीच, ती खाच मी बोट फिरवून पाहिली. कापूस सहा ग्रॅम, सराफाकडच्या काट्यावर तोललेला, मीच दाबून भरला. इराचा रेकॉर्डर स्टेजसमोर, माझा फोन पहिल्या रांगेत माझ्या मांडीवर. अकरा वाजून सात मिनिटांनी दोन्ही एकदमच सुरू केले. मामाजींची बोटं कधी हलतात आणि कधी थांबतात ते मी घड्याळ पाहून वहीत लिहीत होतो.

पहिली नऊ मिनिटं त्यांचे हात नुसते क्लॅरनेटवर होते. सॅक्सोफोन किंचाळत होता, विठ्ठलकाका मधूनच ठेका धरून सोडून देत होते. मग मामाजींनी डोळे मिटले. बोटं सुरू — नऊ मिनिटं वीस सेकंद. बंद — तेरा चार. सुरू — तेरा एकेचाळीस. बंद — सोळा तीस. पुन्हा हलली नाहीत.

हॉलमध्ये क्लॅरनेटचा आवाज आला नाही. मी तीन हातांवर होतो. नंतर अकरा जणांना विचारलं, कोणीच ऐकला नव्हता. एक बाई उलट म्हणाल्या, "ते आजोबा वाजवत का नव्हते?" कापूस बाहेर काढला. कोरडा. वजन सहा ग्रॅम.

दुपारी आमच्या घरी बसून रेकॉर्डिंग लावलं. मी, वंदना, इरा, विठ्ठलकाका, मामाजी. आधी इराचा रेकॉर्डर. नऊ मिनिटांपर्यंत जे हॉलमध्ये ऐकलं तेच. नऊ वीसला क्लॅरनेट आलं.

वंदनाने माझं मनगट धरलं होतं, बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. मी वही उघडली. तेरा चारला थांबलं. तेरा एकेचाळीसला सुरू झालं. सोळा तीसला संपलं. फरक कुठेही एका सेकंदाच्या वर नाही. मग माझा फोन लावला. तेच.

मी मामाजींकडे पाहत होतो. सूर वळायच्या जरा आधी त्यांची तर्जनी मांडीवर उचलली जायची. प्रत्येक वेळी आधी, मागून एकदाही नाही.

विठ्ठलकाका शेवटी म्हणाले, "नामदेव, इतके वर्स माह्या बाजूनं चालला बे तू. अन् मले ऐकूच नाई आलं." ते चेष्टेत म्हणायला गेले होते, पण हसले नाहीत.

मामाजींनी इराकडून कागद मागितला. "ताई, यात असं लिवलं आहे का, का मी फुंकलं म्हून?"

"नाही काका. 'परफॉर्मर' एवढंच आहे."

"म्हंजे?"

इराने त्या शब्दावर बोट ठेवलं. "म्हणजे ज्याचं आहे तो."

"मंग द्या." त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली, खाली तारीख टाकली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. फोन थांबले. आता झोप नाही ती मला.

मी दोन इंजिनिअरांना विचारलं, एका कानाच्या डॉक्टरांना विचारलं. सगळ्यांनी आधी माझ्या वहीवर शंका घेतली, तेच बरोबर आहे, मीही घेतली असती. पण वही बरोबर आहे. रेकॉर्डिंग दोन, वेगवेगळ्या यंत्रांवरची. मामाजींना विचारावं तर म्हणतात, "तुमीच सांगजा." घरात कोणी फोनवर व्हिडिओ काढायला लागलं की ते दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसतात. वंदनाच्या फोनमध्ये त्यांचे गेल्या सहा वर्षांतले एकोणीस व्हिडिओ आहेत, सणावारांचे, शेतातले. मी अजून एकही लावलेला नाही.

पैसे २ फेब्रुवारीला आले. चंदू, साठ हजार. युफोनियमवाल्यांची पत्नी, साठ हजार. विठ्ठलकाका, साठ हजार. नामदेवराव, साठ हजार, त्यांच्या स्वतःच्या खात्यात. त्यातून दुसऱ्या दिवशी मामाजींनी मला सोबत घेऊन हिंगणघाट गाठलं आणि ते क्लॅरनेट विकत घेतलं. चंदू पैसे घेत नव्हता, मामाजींनी घ्यायला लावले. चार हजार पाचशे, रोख, चंदूस.