खोडायचं बटण

भंडाऱ्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या हातून दुरुस्त झालेला मोबाईल पुन्हा कधी परत आला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. त्यामुळे ताईवर नोटीस आली तेव्हा मी घाबरलो नाही, चिडलो. ताई पवनी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स. भर मे महिन्यात लसीचा डबा खांद्याला लावून गावोगाव फिरायची. त्या डब्यातली लस उन्हानं तापते, अशी कुणीतरी तक्रार केली होती आणि तिच्या नोकरीवर आलं होतं.

म्हटलं, पुरावाच देऊ. तापमान नोंदवणारं यंत्र कसं जोडायचं याचा नकाशा कुण्या भल्या माणसानं नेटवर फुकट टाकला होता. तो मी आमचं ऊन सोसेल असा बदलून घेतला. एक साबणदाणी, तिच्यात दोन पेन्सिल सेल, मेमरी कार्ड आणि बाहेर वायरीला सेन्सर. दर पाच मिनिटांनी नोंद. खोडायचं बटण मुद्दाम ठेवलं नाही. खोडता येते तो पुरावा कसला?

बुधवारी ताईनं साबणदाणी लसीच्या कुप्यांमध्येच ठेवून नेली. संध्याकाळी दुकानात मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. लसीला आठ अंशांपर्यंत चालतं, आणि आकडा दिवसभरात एकदाही आठच्या वर गेला नव्हता. मी टेबलावर थाप मारली. ताई मात्र सकाळचे आकडे वाचत होती. उणे एक, उणे दोन, तासभर तेच. थंड आहे, मग चांगलंच की, मी म्हटलं. ती खाली बसली. त्यातली एक लस अशी असते की गोठली तर वाया जाते, तिनं सांगितलं. बर्फाच्या बाटल्या थोडा वेळ बाहेर ठेवायच्या, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच डब्यात भरायच्या, हे तिला शिकवलेलं होतं. पण उन्हाच्या धाकानं ती बाटल्या फ्रीजरमधून काढून थेट डब्यात कोंबत होती.

"सकाळचं तेवढं काढता येते का रे?"

बटण नाही, मी म्हणालो. पण कॉम्प्युटरवर त्या ओळी उडवणं माझ्या डाव्या हातचा मळ होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. माझा हात माऊसवर गेलाही होता. त्याची मला अजून लाज वाटते.

"राहू दे," ती म्हणाली. "सारंच छापून दे मले."

कागद तिनं स्वतः नेऊन साहेबांना दिले. नोकरी राहिली, कामावर ठपक्याचा शेरा लागला, आणि बुधवारी लस दिलेल्या लेकरांना पुन्हा सुई द्यायचा हुकूम आला. माझा नकाशा मी नेटवर टाकला तेव्हा वर पहिली ओळ ताईची लिहिली: आधी बाटली हलवून पाहा.

बुधवारच्या त्या गावात तिला मीच गाडीवर घेऊन गेलो. बायका लेकरं घेऊन अंगणवाडीत जमल्या होत्या.

"सुई पुन्हा द्या लागते," ताई म्हणाली. "मागची माह्या चुकीनं गोठली होती."

कुणी जागचं हललं नाही. मग ताईनं डब्यातली एक बर्फाची बाटली काढली आणि पुढच्या बाईच्या कानाजवळ नेऊन हलवली. "आत पाणी वाजते, आता लस गोठत नाही." बाईनं नीट ऐकलं. मग मांडीवरचं लेकरू उचलून ताईपुढे धरलं.